डब्यावरच्या खालच्या चार ओळी

मावशी,

काल तुझं बारावं झालं. मी आलेलो. लोक जेवून उठल्यावरही ओट्याच्या कडेला बसून राहिलो, तेव्हा तुझ्या सुनेने, चांगुणाने, मला एक गोष्ट सांगितली. ती शेवटी सांगतो, कारण आधी मला माझी सांगायची आहे. ती सांगायला मी दोन वर्षं लावली, आणि सांगितली तेव्हाही चोरासारखी सांगितली.

मी माझी लाज लपवण्यात हुशार आहे, हे तुला माहीत होतं. बाकीच्यांना माहीत नाही. त्यांना माझी पदवी माहीत आहे. आमच्या घरात माझ्या आधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कल्याण जंक्शनवर सांधेवाले. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री झालो, तेव्हा आईने तो कागद काचेत बसवून देवाच्या फळीच्या वर टांगला. वडील म्हणाले, "अगं, देवाच्या खाली तरी टांग." ती म्हणाली, "देव सगळ्यांच्याच घरी आहे." हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. तू हसलीस, आणि तेव्हापासून मी तुझा बीयेस्सी. नाव कधी घेतलं नाहीस.

पहिल्या दिवशी मी तुला 'तुम्ही' म्हटलं, तर तू मागे वळून बघितलंस. "'तुमी' कोनाला बोलतंस? माज्या मागं कोन उभा हाय काय?" मग मावशी, आणि मग तू.

शहाडच्या पुढे, नदीकडच्या त्या कारखान्यात मी बागेचा सुपरवायझर म्हणून लागलो आणि तू तिथे आधीपासून होतीस. तुझ्या सासऱ्याच्याच भाताच्या खाचरांवर कारखान्याची भिंत उभी राहिली होती, हे तू सांगायचीस ते तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं. "यो गेट हाय ना, तिथं आमची मळनी व्हायची."

मोठ्या साहेबांनी विलायतेत कुठेतरी रानफुलांचं कुरण पाहिलेलं. त्यांना गुलाब नको होते, क्रोटनच्या कुंड्या नको होत्या. बंगल्यापासून नदीपर्यंत उतरणाऱ्या माळावर आपल्याकडची रानफुलं हवी होती. मी "येस सर" म्हणालो आणि बाहेर येऊन घाम पुसला. मावशी, माझ्या चार वर्षांच्या शिक्षणात रानफूल मारायचं कसं ते होतं. लावायचं कसं, ते नव्हतं.

ते तू दाखवलंस. तेरड्याचं बोंड पिकलं की हात लागताच फुटतं आणि बी उडून जातं, म्हणून तू बोंड अलगद मुठीत घ्यायचीस आणि मुठीतच फुटू द्यायचीस. कवळा, कुर्डू, चवर, रानतीळ. कुणाला ओल लागते, कुणाला उतार, कोण कुणाच्या सावलीत मरतं. मी वहीत लिहून घ्यायचो. तू म्हणायचीस, "लिव, लिव. मी मेल्यावर तुला इचारतील." विचारत कोणी नाही अजून. पण वही आहे.

माळावर तेव्हा घाणेरी आणि टाकळा मातलेला. मुंबईहून तणनाशकाचा नवा डबा आला, आणि तुझ्यामाझ्यातला पहिला वाद झाला तो त्या डब्यावरून. डब्यावर सगळं इंग्रजी. मी ऐटीत वाचून दाखवलं, की हे औषध रुंद पानांचं तण मारतं, गवताला काही करत नाही.

"आन् आपला तेरडा कनच्या पानाचा?"

"रुंद."

"मंग?"

त्या 'मंग'ला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते बरोबर होतं. त्याचा अभिमान मला आजही आहे. पेरायच्या आधी मारायचं. एक अख्खा पावसाळा नुसता तण मारण्यात घालवायचा, नवं उगवलं की परत मारायचं, मग जमीन तशीच ठेवायची, म्हणजे औषधाचा अंश निघून जाईल. पुढच्या वैशाखात बी टाकायचं. एकदा फुलं उगवली, की त्यांच्यावर हा फवारा कधीच नाही.

"एक वरीस नुसता मारायचा?" तू म्हणालीस. "बरा शिकलास."

पण केलंस. आणि माझ्यापेक्षा नीट केलंस. मी पुस्तकात वाचलेलं, की वारा असताना फवारू नये. वारा नाही हे कशावरून ठरवायचं, ते पुस्तकात नव्हतं. रुईच्या बोंडातल्या उडत्या म्हाताऱ्या तू काड्यापेटीत जपून ठेवलेल्या. सकाळी एक सोडायचीस. ती सरळ खाली आली तर पंप पाठीला; तिरकी गेली तर "आज नाय, बीयेस्सी." साहेब वरून बघत असले तरी नाही. टाकळ्यावर फवारा मारला की चारी बाजूंना लाल चिंध्या बांधून तू तिथे बसून राहायचीस, कारण त्याच टाकळ्याची भाजी करायला गावातल्या बाया यायच्या. "हिकडं नको गो, हिकडं विख हाय!" मी औषध म्हणायचो, तू शेवटपर्यंत विख म्हणालीस. टाकळा तण की भाजी, हा आपला वाद तसाच राहिला. "तन कोनी ठरवला? ज्याचा पोट भरलेला, त्यानं." मी पुस्तक उघडून दाखवायचो, तू पुस्तकावर भाकरीचा डबा ठेवून जेवायचीस.

भाकरीच्या आधी मात्र तू माझे हात धरून राखेने घासायचीस, कोपरापर्यंत. एकदा घासता घासताच म्हणालीस, "हाताला राख, आन् पंपाला नुसता पानी?"

मी हसलो. "अगं, पंप पत्र्याचा. तो काय विष पितो?"

मावशी, पंप पितो. पंपाच्या आतला चामड्याचा वायसर पितो, रबराची नळी पिते, आणि नंतर थोडं थोडं सोडते. हे डब्यावर लिहिलेलं होतं, अगदी खाली, बारीक अक्षरांत, चार ओळी. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं. तू विचारलेलंस, "खाली काय लिवलंय?" मी म्हणालो, "ते तुझ्या कामाचं नाही." खरं म्हणजे मला कंटाळा आलेला, आणि दोन शब्द अडलेले, आणि तुझ्यासमोर अडायचं नव्हतं.

बी टाकलं त्या पावसाळ्यात माळ असा फुलला, की साहेबांची मडम अनवाणी फिरायला लागली. गौरी आल्या. तुमच्याकडे तेरड्याचीच गौर. मुळासकट काढलेला तेरडा सुपात ठेवून घरी न्यायचा. कुंपणाबाहेरचे माळ भिंतींखाली गेलेले, म्हणून तुमच्या मोहने गावातल्या बाया तेरड्यासाठी लांब रुळांपर्यंत जायच्या. तू साहेबांना जाऊन विचारलंस. साहेब म्हणाले, आत येऊ देत. तीस-चाळीस बाया रांगेने आत आल्या, आणि तू पुढे चाललेलीस, जसं काही मळणीचं खळं परत मिळालं. तुझं ते चालणं मी विसरणार नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मी ते सगळं मारलं.

एका शनिवारी आपण कुंपणाकडची घाणेरी फवारली. सोमवारी तेरड्यावर अळी दिसली, हिरवी, बोटाएवढी. मी तंबाखूचा काढा करायला सांगितला. पंप तोच. तू दोनदा पाण्याने धुतलास, मी सांगितलेलं तेवढं. मग नळीचं तोंड नाकाशी नेलंस.

"बीयेस्सी, याला दवाखान्याचा वास येतंय."

"तू दिवसभर मशेरी लावतेस, तुला कसला वास कळतोय?"

"येतंय. आज ठेव. अली मी हातानं येचतंय."

एवढा माळ हाताने वेचायचा? आठ दिवसांवर गौरी, साहेबांचे पाहुणे येणार. मी म्हणालो, "बी.एस्सी. तू झालीस की मी?" तू पदर खोचलास आणि पंप पाठीवर घेतलास.

तिसऱ्या दिवशी तेरड्याच्या काड्या वळायला लागल्या. शेंडे खाली, देठ पिळवटलेले, पानं वाटीसारखी आत वळलेली. कवळा, कुर्डू, सगळ्यांचं तेच. गवत तेवढं मजेत डोलत होतं. त्या संध्याकाळी मी शेडमध्ये बसून डबा उलटा करून खालच्या चार ओळी वाचल्या. आणि मग डबा जागेवर ठेवला, वरची छापील चिठ्ठी भिंतीकडे करून.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "पंप कोणी धुतला?"

मी म्हणालो, "सर, पंप धुवायचं काम हिचं आहे."

एवढंच म्हणालो. एक शब्दही खोटा नव्हता. इतकं चोख खरं मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

तू म्हणालीस, "धुतला व्हता सायब. दोनदा." आणि माझ्याकडे बघितलंस. रागाने नव्हे. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असतं आणि मास्तर त्याच्याकडे बघतात ना, तसं. बोल, असं. मी टेबलावरच्या दौतीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून तुला कोळशाच्या आवारात टाकलं. पाट्या उचलायला, त्या वयात. जायच्या आधी सकाळी तू शेडमध्ये आलीस. "यो डबा वाच एकदा. सगला." मी डबा हातात घेतला. कोणत्या तणावर चालतं ते वाचलं, किती पाण्यात किती ते वाचलं, जनावरं लांब ठेवा ते वाचलं. त्या चार ओळी आल्या, आणि मी त्या गिळून थेट कंपनीच्या पत्त्यावर गेलो. तू विचारलंस, "बस? एवराच?"

"एवढंच."

"बरा," म्हणालीस आणि गेलीस. तुला अक्षर येत नव्हतं, मावशी, पण ओळी मोजता येत होत्या. माझं बोट कुठून कुठे उडालं ते तू बघितलंस. मी तुला बघताना बघितलं.

त्या गौरीला बाया परत रुळांकडे गेल्या. कोणी विचारलं तर मी सांगायचो, रोग पडला.

माळ परत उभा राहिला तो तुझ्याच बियांवर. कोळशाच्या आवारातून सुटल्यावर काळ्या हातांनी तू गेटपाशी पुरचुंडी ठेवून जायचीस, वॉचमनला म्हणायचीस, "बीयेस्सीला दे." मी रात्रंदिवस विचार करायचो, की ही आता तरी टोमणा मारेल, शिवी देईल, म्हणजे मी मोकळा होईन. तू बी देत राहिलीस. मी नवा पंप घेतला, विषाचा वेगळा, काढ्याचा वेगळा. विषाच्या पंपाला तांबडा पट्टा ओढला. सोड्याच्या गरम पाण्याने धुवायचा, भरून दिवसभर ठेवायचा, परत धुवायचा. कुंपणाच्या आत तर फवारा बंदच केला; एखादी घाणेरी उगवली, की तू शिकवलेली बांबूची काठी, टोकाला चिंधी, तेवढ्याच पानांना टिपायचं. साहेबांनी शाबासकी दिली. माझा पगार वाढला. त्या शाबासकीच्या वेळीही मी दौतीकडेच बघत होतो.

दीड वर्षाने तू काम सोडलंस. खोकला लागलेला. डॉक्टर म्हणाले, हा कोळशाचा नाही, वयाचा. मी ते तेव्हा लगेच मान्य केलं. आता करत नाही.

आणि मग मागच्या वर्षीची गौर. माळ आधीसारखा फुललेला, बाया परत आत यायला लागलेल्या. तुमच्या घराण्याची रीत मला माहीत होती. घरातली मोठी बाई नदीचं पाणी तोंडात घेते, तेरडा उपटते आणि घरी पोचेपर्यंत चूळ सांभाळून मुक्याने चालते. वाटेत बोलली तर गौर मोडली. ती खाली ठेवून, परत नदीवर जाऊन, पहिल्यापासून आणायची. तू मला एकदा सांगितलेलंस, की लग्न होऊन आल्यापासून तुझी गौर कधी मोडली नाही. एकदा पायात काटा गेला तरी नाही.

तू तोंडात पाणी धरून उतारावरून वर येत होतीस. हातात सूप, सुपात तेरडा. मी वाटेत उभा राहिलो आणि म्हणालो, "मावशी, तो पंप. चूक माझी होती. डब्यावर लिहिलेलं होतं. तुला वाचून दाखवताना मी गाळलं."

तुझे गाल फुगलेले, डोळे माझ्यावर. तू थांबलीस. मग बाजूने निघून गेलीस.

आणि मला हलकं वाटलं. मला इतकं हलकं वाटलं, की मी शेडला कुलूप लावलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलो. आईने गौरीचं जेवण केलेलं, मी दोनदा वाढून घेतलं. अख्ख्या वर्षात तुला उत्तर देता येणार नाही असा एकच दिवस होता, आणि मी कबुलीसाठी तो निवडला. हे मला त्या दिवशी समजलं नव्हतं असं म्हणू? समजलं होतं.

नंतर तू दोनदा गेटवर आलीस. नवा वॉचमन म्हणाला, "एक म्हातारी आलीये, बीयेस्सी कोण म्हणून विचारतेय." पहिल्यांदा मी म्हणालो, सांग ठाण्याला गेलेत. दुसऱ्यांदाही ठाण्यालाच गेलो. दोन्ही वेळा मी शेडमध्ये होतो. दुसऱ्यांदा तुझा खोकला मला ऐकू येत होता.

आता चांगुणाची गोष्ट.

ती काल माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाली, "तू बीयेस्सी ना? मागच्या गौरीला आमच्या आयला काय बोललास?"

मी विचारलं, "का?"

"आयनं गौर मोरलीन."

तू घराच्या दाराशी पोचलेलीस. उंबऱ्यावर चांगुणा आरती घेऊन उभी होती. चार पावलं राहिलेली. तू थांबलीस, सूप खाली ठेवलंस आणि चूळ टाकलीस. सगळ्या बायांसमोर. चांगुणा ओरडली, "आय, काय केलास!" तू म्हणालीस, "त्या पोराला उत्तर द्यायचा राह्यला." आणि तशीच परत वळलीस. माळावर आलीस, शेडला कुलूप बघितलंस. वाट बघत बसलीस. मग नदीवर जाऊन परत पाणी घेतलंस आणि दुसरी गौर घेऊन संध्याकाळी घरी पोचलीस.

"काय उत्तर द्यायचं होतं?" मी विचारलं.

"मी पन इचारला. बोलली, ता त्याचा हाय, तुझा नाय."

मावशी, ती शिवी होती की दुसरं काही, हे आता मला कधीच कळणार नाही. तू इतक्या वर्षांची गौर मोडलीस आणि मी दोनदा वाढून घेत होतो.

मग मी चांगुणाला सगळं सांगितलं. पंप, साहेब, दौत, चार ओळी. तिच्या तोंडात पाणी नव्हतं. ती बोलली. तुमच्या बोलीत जे जे म्हणता येतं ते सगळं म्हणाली, ओट्यावर माणसं गोळा झाली तरी थांबली नाही. "तुझी फुला जगावी म्हणून म्हातारी कोलसा वायत व्हती, आन् तू सायबाचा पगार खात व्हतास?" मी मान वर ठेवून ऐकलं. दुसरं काही बरोबर करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी दम लागून ती म्हणाली, "आमाला वाटलं, आयच्या हातनंच झाला. आमी तिला बोललो पन. एकदा नाय, कैकदा."

हे मला माहीत नव्हतं. घरातही तू ते ऐकत राहिलीस, आणि माझं नाव घेतलं नाहीस.

मी उठलो, तर ती मागून म्हणाली, "यंदा आमच्याकडं गौर नाय. पन गावातल्या बाया येतील तुझ्या माळावर. त्यांना सांग. आमच्या आयचं नाव साफ कर."

"सांगतो."

"कवा सांगशील? त्या तोंडात चूल भरून वर येतील तवा?"

आज सकाळी मी साहेबांना भेटून आलो. ते नवे आहेत, तुला ओळखत नाहीत. म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. मी म्हणालो, नाही सर, रजिस्टरात तिच्या नावापुढे पंपाचा ठपका लिहिलाय, तिथेच खाली माझ्या सहीने लिहायचंय. त्यांनी खांदे उडवले आणि लिहू दिलं.

आणि त्या ओळी मी मराठीत उतरवून शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवल्या आहेत. तू 'सगला' वाच म्हणाली होतीस, म्हणून वाचतो. या औषधाचा पंप दुसऱ्या कोणत्याही फवाऱ्याला वापरू नये. वापरावाच लागला तर नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने भरून दिवसभर ठेवावा व पुन्हा धुवावा. चामड्यात व रबरात राहिलेला अंशदेखील फुलझाडांना मारतो.

बस. एवढंच होतं.

गौरीला अजून महिना आहे. त्या दिवशी मी शेड उघडी ठेवणार आहे आणि सकाळीच खाली नदीवर जाऊन उभा राहणार आहे. बाया येतील. त्यांनी पाणी तोंडात घ्यायच्या आधी मी बोलेन.